वीस रुपयांच्या नाण्याचे कोपरे

जुलैमधली गोष्ट. बाहेर पावसाची झड लागलेली, वसतिगृहाच्या व्हरांड्यात ओल्या कपड्यांच्या दोऱ्या, आणि स्वयंपाकघरातून जिलेबीचा वास. कुणाच्या तरी नातवाचा वाढदिवस होता आणि ते कुटुंब आमच्या अंधशाळेतल्या मुलांना गोड जेवण द्यायला आलं होतं. जेवणाआधी पाहुणे वर्ग बघायला निघाले. माझ्या वर्गात आले तेव्हा पाचवीची मुलं भागाकार करत होती. "गणित येतं का रे तुम्हाला?" त्यांच्यातल्या आजोबांनी प्रेमाने विचारलं. मुलांनी एकाचं नाव पुढे केलं, तो उभा राहिला आणि त्याने एकोणतीसचा पाढा म्हटला. एका दमात, कुठेही न अडखळता. टाळ्या पडल्या. एका बाईंनी डोळे पुसले, त्याच्या केसांवरून हात फिरवला, "देवाने एक काढून घेतलं तरी दुसरं भरभरून दिलंय," असं म्हणाल्या. तो हसला. पाहुणे पुढच्या वर्गाकडे वळले आणि तो खाली वाकून फरशी चाचपू लागला. उभं राहताना त्याच्या मांडीवरची, भोकांत ठोकळे बसवून अंक मांडायची फ्रेम कलंडली होती. निम्म्यावर आलेला भागाकार, चार आकडी संख्येला सव्वीसने भागायचा, सगळा जमिनीवर सांडला होता.

पाढा त्याला तिसरीपासून येत होता. भागाकार मात्र त्या दिवशी पहिल्यांदा जमू लागला होता. उरलेल्या बाकीशेजारी वरचा अंक उतरवून घ्यायचा म्हणजे नेमकं काय करायचं, हे त्याला त्याच तासाला उमगलं होतं आणि पुढची पायरी तो कुणाला न विचारता मांडत होता. टाळी पडायला हवी होती ती तिथे. पण तिथे काय चाललंय हे कुणी विचारलंच नाही, कारण विचारावं असं काही तिथे चाललं असेल हेच कुणाच्या मनात नव्हतं. त्या माणसांविषयी माझ्या मनात राग नाही. मुलांच्या सकाळच्या दुधाचा खर्च अशाच घरांमधून येतो आणि ती माया खोटी नसते. तरीही ती टाळी मला पुढे कित्येक दिवस टोचत राहिली.

मी त्याच वर्षी जूनमध्ये शाळेत रुजू झाले होते. विशेष शिक्षणातलं बी.एड. नुकतं झालेलं, पाचवी ते दहावीचं गणित माझ्याकडे आलेलं. पहिल्या आठवड्यातच मला मायेपोटी एक सल्ला मिळाला, आणि तो एकाने नाही, जवळजवळ सगळ्यांनी दिला. अंकगणित घ्या, बीजगणित जमेल तेवढं घ्या, भूमितीत जीव घालवू नका. आकृती दिसत नाही तर मुलं करणार काय? व्याख्या आणि प्रमेयं पाठ करून घ्या, पास होण्यापुरते गुण निघतात. असं सांगणाऱ्यांत आमचे ज्येष्ठ संगीतशिक्षकही होते. ते स्वतः जन्मापासून अंध. त्यांच्या शब्दाला मी उलट काय बोलणार? "आमच्या वेळी गणिताऐवजी दुसरा विषय मिळायचा," ते म्हणाले, "आणि आम्ही तो आनंदाने घेतला. पुढे कुणी टेलिफोन ऑपरेटर झालं, कुणी तबला शिकवायला लागलं. अडलं नाही कुणाचं."

मला मात्र भूमितीच शिकवायची होती.

हा हट्ट कुठून आला ते सांगते. शाळेत असताना गणितातल्या इतर गोष्टी मला येत होत्या, भूमिती मला आवडत होती. कंपासपेटी उघडल्यावर येणारा लाकडाचा आणि खोडरबराचा वास, कंपासच्या टोकाने कागदाला पडणारं बारीक भोक, दोन कंस एकमेकांना छेदतात तो क्षण. आपण काही न मोजता रेषेचा नेमका मध्य सापडला, याचा आनंद मला अजून आठवतो. तो आनंद एका वर्गातल्या सगळ्या मुलांना आपण आपणहून नाकारायचा, आणि तो त्यांच्याच भल्यासाठी, हे मला पटेना.

अंध मुलांना गणित शिकवताना पहिली गोष्ट हातातून जाते ती खडू नाही, बोट. फळ्याशी उभा असलेला शिक्षक दिवसभर बोटाने शिकवत असतो. "हा कोन, ही बाजू, इथून इथे रेघ मारली की हे दोन्ही सारखे." हे वाक्य माझ्या वर्गात म्हणून पाहिलं तर त्यात ऐकणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. प्रत्येक बिंदूला नाव द्यावं लागतं, प्रत्येक रेषा कुठून निघाली आणि कुठे पोचली ते सांगावं लागतं, आणि काय आधी सांगायचं याचा क्रम ठरवावा लागतो. डोळ्याला आकृती सगळीच्या सगळी एकदम मिळते. बोटाला ती रस्त्यासारखी मिळते, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे. म्हणून माझ्या पाठाच्या टाचणात आता प्रत्येक आकृतीचा रस्ता लिहिलेला असतो. बोट कुठून निघणार, कुठे वळणार, कुठे थांबणार.

साधनांचंही सांगायला हवं. ब्रेल पाटीवर लिहिताना कागद धातूच्या दोन पट्ट्यांमध्ये अडकवतात आणि स्टायलसने, म्हणजे टोकदार टोचणीने, मागच्या बाजूने टोचतात. लिहायचं उजवीकडून डावीकडे, मग कागद काढून उलटा करायचा आणि डावीकडून उजवीकडे वाचायचं. मजकुरासाठी ही पद्धत उत्तम आहे. उभ्या मांडणीच्या बेरजेसाठी ती फारशी उपयोगाची नाही, कारण आत्ता लिहिलेला अंक आत्ता वाचता येत नाही, मग हातचा कुठे धरणार? म्हणून अंकगणित टेलर फ्रेमवर चालतं. धातूची चौकट, तिच्यात ओळीने आठ कोनांची भोकं, आणि त्यात उभे करायचे चौकोनी ठोकळे, म्हणजे टाईप. टाईपच्या एका टोकाला कडेवर एक उंचवटा असतो, दुसऱ्या टोकाला दोन टिंबं. टाईप भोकात आठ दिशांना बसतो. उंचवटा एकेक खाच फिरवत गेलं की एकपासून आठपर्यंतचे अंक होतात. नऊ, शून्य आणि चिन्हांसाठी टाईप उलटा करून दोन टिंबांचं टोक वर घ्यायचं. वर्गात तीस हात एकदम कामाला लागले की टाईपांच्या खणांतून सतत खुळखुळ ऐकू येते, आणि त्या आवाजाच्या वेगावरून मुलं अडली आहेत की रंगली आहेत ते कळतं.

सातवीला कोन शिकवायचा होता तेव्हा मी दारापासून सुरुवात केली. दार अर्धं उघडा, पूर्ण उघडा, आता भिंतीला टेकवा. मुलं दाराला हात लावून फिरली, हसली, पण अंशाशी त्याचं नातं जुळेना. नव्वद काय आणि साठ काय, ती नुसती नावंच राहिली. मग एका मुलाने हातातला टाईप फिरवत सहज विचारलं, "बाई, एकाचा दोन करताना मी जेवढं वळवतो ते किती अंश?" मी थांबले. पूर्ण फेरी तीनशे साठ, खाचा आठ. पंचेचाळीस. पहिलीपासून त्या मुलांची बोटं दिवसातून शेकडो वेळा पंचेचाळीस अंशांतून वळत होती. एकाचा तीन केला की काटकोन, एकाचा पाच केला की सरळ कोन. पुढचा अर्धा तास मला काही शिकवावंच लागलं नाही. "चाराचा सात?" "एकशे पस्तीस!" "विशाल, विशाल!" ज्या साधनावर आम्ही त्यांना फक्त अंकगणित देत होतो त्याच्या प्रत्येक भोकात कोन भरलेले होते.

त्या दिवशी घरी गेल्यावर मला आजी आठवली. आजीची नजर शेवटी शेवटी अगदी अधू झाली होती, पण कनवटीचे पैसे काढताना ती कधी चुकली नाही. अंधाऱ्या माजघरात बसून नाणी नुसती अंगठ्याखाली फिरवायची आणि म्हणायची, "हे घे पाच पैसे, हे दहा, हे तिनाचं." तेव्हाची नाणी तशी होतीच. पाच पैसे चौकोनी, गोलसर कोपऱ्यांचे. तीन पैशाला सहा बाजू, वीस पैशालाही सहा, पण आकाराने मोठं. दहा पैशाची कड झालरीसारखी, चार आणे गोल. पुढे आलेलं दोन रुपयांचं एक नाणं तर अकरा बाजूंचं होतं. अकरा बाजूंचा नियमित बहुभुज कंपास आणि पट्टीने काढता येत नाही, तो सरकार टांकसाळीतून घरोघरी पाठवत होतं! आजीच्या मागे तिचा एक जर्दाळूचा डबा राहिला आहे आणि त्यात ही पैशांची सगळी नाणी आहेत. 2011 साली चार आणेही चलनातून गेले, आणि डब्याचं व्यवहारातलं मोल तेव्हाच संपलं. मी तो डबा वर्गात नेला.

मुलांनी तो डबा माझ्याकडून जवळजवळ काढूनच घेतला. चौकोन, षट्कोन ही नावं पाठ असलेल्या मुलांना ते आकार कडा-कोपऱ्यांसकट तळहातावर मिळाले. ॲल्युमिनियमची नाणी इतकी हलकी की एका मुलाला ती खरी वाटेनात, "खेळातली आहेत का?" असं त्याने पुन्हा पुन्हा विचारलं. मग मी आजचं नाणं काढलं, वीस रुपयांचं. 2019 मध्ये नव्या नाण्यांची जी मालिका आली ती काढताना अंध व्यक्तींच्या हाताचा विचार केला होता, आणि त्यातलं वीसचं नाणं बारा बाजूंचं आहे, सत्तावीस मिलिमीटर रुंद. बारा बाजू आहेत हे मी मुद्दामच सांगितलं नाही. मोजा म्हटलं.

आठवीतल्या एका मुलीने ते घेतलं. दोन बोटांत धरून ती कोपरे मोजू लागली. एकदा अकरा आले, एकदा चौदा. "बाई, सुरुवात कुठून केली तेच कळत नाही, सगळे कोपरे सारखे आहेत." डोळस मुलालाही इथे घोटाळा होऊ शकतो, पण त्याची नजर एका कोपऱ्यावर रोवून राहते. हिचं बोट पुढे सरकलं की मागचा कोपरा गेला. ती थोडा वेळ गप्प बसली. मग तिने कपाळावरची टिकली काढली आणि नाण्याच्या एका कोपऱ्याला चिकटवली. आता मोजलं, बारा. पुन्हा मोजलं, बारा. गणितात एखादा बिंदू आरंभबिंदू म्हणून निवडण्याचा अधिकार आपल्याला असतो, हे मला तिला सांगायचंच राहिलं, कारण तोवर शेजारच्या मुलाने जेवणाचं स्टीलचं ताट उपडं घालून त्यावर ते नाणं कडेवर उभं केलं होतं आणि बोटाने हळूहळू पुढे लोटत होता. टक, टक, टक. बारा वेळा टक झालं की टिकली पुन्हा वर. मग त्याने आजीच्या डब्यातलं सहा बाजूंचं नाणं लोटलं. आवाज कमी, पण प्रत्येक धक्का मोठा. मग एक रुपयाचं गोल नाणं. ते आवाज न करता सरळ घरंगळत गेलं आणि ताटावरून खाली पडलं.

"बाई," ती मुलगी म्हणाली, "बाजू वाढवत गेलं तर धक्के वाढणार पण बारीक होणार, ना? शंभर बाजूंचं केलं तर ऐकूच नाही येणार."

मी "हो" म्हणाले. माझा आवाज नीट निघाला नाही.

पैशांचाच विषय निघाला म्हणून नोटांचंही सांगते. जुनी शंभराची नोट एकशे सत्तावन्न मिलिमीटर लांब होती, पाचशेची एकशे सदुसष्ट, हजाराची एकशे सत्याहत्तर. दहा-दहा मिलिमीटरचा फरक बोटांना पुरेसा होता. 2016 नंतरच्या नोटांमध्ये शंभर, दोनशे आणि पाचशेची लांबी अनुक्रमे एकशे बेचाळीस, एकशे शेहेचाळीस आणि एकशे पन्नास. रुंदी तिन्हींची एकसारखी. म्हणजे शंभर आणि पाचशे यांच्यात फक्त आठ मिलिमीटर. कडेला उंचावलेल्या रेघा आहेत, पण वापरून मऊ झालेल्या नोटेवर त्या किती दिवस टिकतात ते बाजारहाट करणाऱ्या कुठल्याही अंध माणसाला विचारा. रिझर्व्ह बँकेचं 'मणी' हे ॲप नोट ओळखून मोठ्याने सांगतं, तेही भर बाजारात. आमची मोठी मुलं बोटांच्या पेरांवर नोट मापायला शिकतात. चार मिलिमीटर म्हणजे किती, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त अचूक कळतं. मापनाचा धडा मी त्यांच्याकडूनच घेतला.

वर्गात मी मुलांना निकोलस सॉन्डरसनची गोष्ट सांगते. तान्हा असतानाच देवीच्या रोगात त्याचे डोळे गेले, आणि 1711 साली तो केंब्रिजमध्ये गणिताच्या त्या आसनावर बसला ज्यावर आधी न्यूटन होता. तो प्रकाशशास्त्रावरही व्याख्यानं द्यायचा. त्याने स्वतःसाठी एक फळी बनवली होती, टाचण्या खोचून अंक मांडायची आणि टाचण्यांभोवती धागा गुंडाळून आकृत्या काढायची. आमच्या वर्गातली फळीही तशीच आहे, मऊ लाकडाची, टाचण्या आणि सुतळी लावलेली. तिच्या जोडीला रबराची चटई आहे, तिच्यावर पातळ प्लास्टिकचा कागद ठेवून बॉलपेनने रेघ मारली की रेघ उंच उठते. आणि शिंप्याचं दातेरी चाक. कागदाच्या मागून ते फिरवलं की पुढच्या बाजूला टिंबांची रेषा उमटते. फक्त आकृती उलटी काढायची, डावीकडचं उजवीकडे. संध्याकाळी घरी बसून मी उलटे त्रिकोण काढते आणि त्यात मला खूप समाधान मिळतं.

एके दुपारी संगीताचे सर माझ्या वर्गात आले. मुलं गेली होती, फळीवर त्रिकोण तसाच होता, तीन बाजू सुतळीच्या आणि तिन्ही मध्यगा बारीक दोऱ्याच्या. "काय आहे हे?" म्हणत त्यांनी हात ठेवला. सतार वाजवणाऱ्या माणसाची बोटं ती, तर्जनीच्या टोकाला घट्टा पडलेला. शिरोबिंदूपासून समोरच्या बाजूच्या मध्यापर्यंत ते एका दोऱ्यावरून गेले. मग दुसऱ्यावरून. मग तिसऱ्यावरून, आणि मध्येच थांबले. "तिन्ही एकाच जागी?" मी म्हटलं, हो सर, कुठलाही त्रिकोण घ्या. "मुद्दाम जुळवून नाही लावले?" मी त्यांना पुठ्ठ्याचा कापलेला त्रिकोण दिला आणि त्याच जागी खालून अंगठा धरायला सांगितला. त्रिकोण अंगठ्यावर स्थिर राहिला. जरा सरकवला तर पडला, पुन्हा तिथे आणला की स्थिर. त्यांनी तो बराच वेळ तोलून धरला. मग पुन्हा फळीवर बोट नेऊन विचारलं, "हा बिंदू मध्यावर नाहीये. कोपऱ्याकडून लांब आहे, बाजूकडून जवळ." मी म्हटलं, दोनास एक. "दोनास एक," ते म्हणाले. "म्हणजे तारेवर पंचमाच्या जागी." तारेचा तिसरा भाग दाबून धरला आणि उरलेले दोन भाग छेडले की पंचम बोलतो, हे त्यांचे हात आयुष्यभर जाणत होते. मग ते खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "हे मला कुणी दाखवलं नाही हो." त्या वाक्यात तक्रार नव्हती. मला मात्र ती ऐकू आली. आता ते गुरुवारी, मुलांचा तास संपल्यावर, कधी कधी येतात.

आता दहावी. गणिताचे दोन पेपर, भाग एक आणि भाग दोन, चाळीस-चाळीस गुणांचे, दोन-दोन तासांचे. सवलतीचा जादा वेळ तासाला वीस मिनिटं, म्हणजे प्रत्येक पेपरला चाळीस मिनिटं मिळतात. लेखनिक मिळतो, तो खालच्या इयत्तेतला, बहुधा नववीतला. म्हणजे माझ्या विद्यार्थिनीने जे काही समजून घेतलंय ते सगळं एका पंधरा वर्षांच्या अनोळखी मुलाच्या कानातून आणि हातातून जाऊन कागदावर उतरणार. ती म्हणाली, "वर्गमूळ नऊ अधिक सोळा." त्याने काय लिहायचं? नवाचं मूळ घेऊन त्यात सोळा मिळवले तर एकोणीस होतात, बेरजेचं मूळ घेतलं तर पाच. उत्तर तिच्या डोक्यात बरोबर असतं आणि कागदावर चुकतं.

ही अडचण अब्राहम नेमेथ यांनी फार आधी ओळखली होती. न्यूयॉर्कमध्ये 1918 साली जन्मलेले, जन्मापासून अंध, गणित तुला झेपणार नाही म्हणून मानसशास्त्राकडे वळवलेले, आणि तरीही पुढे गणिताचे प्राध्यापक झालेले. गणिताची ब्रेल लिपी त्यांनी रचली, ती 1952 साली प्रसिद्ध झाली आणि आजही चालते. त्याशिवाय त्यांनी गणित तोंडी सांगण्याची एक शिस्तही बसवली. मूळ कुठे सुरू झालं ते म्हणायचं आणि कुठे संपलं तेही म्हणायचं, अपूर्णांकाचंही तसंच. आम्ही त्यावरून आमच्यापुरती मराठी बोली तयार केली आहे. "मूळ उघड, नऊ अधिक सोळा, मूळ बंद." "अपूर्णांक उघड, अंश, छेद, अपूर्णांक बंद." आकृतीसाठीही क्रम ठरलेला आहे. आधी आडवा पाया, त्याची लांबी, डाव्या टोकाचं नाव, उजव्या टोकाचं नाव, मग पायाच्या कुठल्या अंगाला काय. वर्गात मुलं जोडीने बसतात, एक सांगतं, दुसरं फळीवर टाचण्या लावतं, आणि शेवटी सांगणारं हाताने तपासतं. भांडणंही होतात. "मी मूळ बंद केलंच नव्हतं, तू कशाला पुढे गेलास?"

शेजारच्या हायस्कूलमधला नववीचा एक मुलगा दिवाळीनंतर शनिवारी आमच्याकडे यायला लागला. पहिल्या दिवशी तो इतक्या हळू आवाजात बोलत होता की मुलांना तो खोलीत कुठे आहे तेच कळेना. आता तो माझ्या दहावीतल्या विद्यार्थिनीने सांगितलेली आकृती काढतो आणि मग स्वतःहून वाचून दाखवतो, "पाया क्यूआर, आठ सेंटिमीटर, पी वरच्या अंगाला, बरोबर?" एकदा ती म्हणाली, "लंब पीएस टाक," आणि तो म्हणाला, "कशावर ते सांग ना." ती दचकली, मग हसली आणि म्हणाली, "क्यूआरवर." माझ्या मते ते दोघंही त्या क्षणी भूमिती शिकत होते.

म्हणून शाळाशाळांमधल्या गणिताच्या शिक्षकांना माझं एक मागणं आहे. आमच्यासारख्या शाळेतून लेखनिकासाठी निरोप आला की अक्षर सुंदर असलेलं किंवा नुसतं मोकळं असलेलं मूल पाठवू नका. भूमितीत रमणारं पाठवा, ऐकून प्रश्न विचारणारं पाठवा. आणि फेब्रुवारीअखेर घाईघाईने नको, दिवाळीची सुट्टी संपली की लगेच पाठवा. शनिवारी सकाळी आमचा वर्ग उघडा असतो. चहा आणि पोहे आमच्याकडे, कंपासपेटी मात्र त्याने आपली आणावी.